हा नियम कुठे लिहिला आहे?

बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला मी १९८३ ते २०२० अशी सदतीस वर्षे काढली. त्या काळात फावल्या वेळी काही कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांतली वाक्ये घासूनपुसून लख्ख करण्यात अनेक रात्री घालवल्या. पण माझ्या कोणत्या वाक्याने माणसांच्या आयुष्यावर खरोखर परिणाम केला असेल, तर ते कादंबरीतले नव्हते. ‘नियमात बसत नाही,’ हे ते वाक्य. मुलीच्या लग्नासाठी मुदत ठेव मोडायला आलेला गिरणी कामगार, सही जुळत नाही म्हणून तीनदा परत गेलेला पेन्शनर, नवऱ्याच्या खात्यातले पैसे मागणारी बाई, सगळ्यांना मी ते ऐकवले आहे. ऐकवताना आवाजात थोडी खंत आणायची आणि खांदे किंचित उडवायचे, की समोरचा माणूस निमूट उठून जातो. ‘कोणता नियम?’ असे विचारणारा क्वचितच भेटे.

आणि खरे सांगायचे तर, विचारले असते तर माझीच पंचाईत झाली असती. आम्ही ज्याला ‘रिझर्व्ह बँकेचा नियम’ म्हणत असू तो कधी खरोखरच रिझर्व्ह बँकेने कायद्याने दिलेल्या अधिकारात काढलेला निदेश असे, कधी आमच्याच हेड ऑफिसचे परिपत्रक असे, आणि कधी तर आधीच्या मॅनेजरसाहेबांची सवय असे. तिन्हींना आम्ही एकाच आवाजात ‘नियम’ म्हणत होतो. त्यातला फरक मला कोणत्याही प्रशिक्षण वर्गात समजला नाही. तो शिकवला आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी.

त्या प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. अख्खी सोसायटी त्यांना ‘बाई’च म्हणे. यजमान गेल्यावर २००३ च्या जूनपासून त्या नाशिकला लेकीकडे राहायला गेल्या आणि पुण्यातली जागा त्यांनी भाड्याने दिली. आमच्या अठ्ठावीस घरांच्या सोसायटीचा मी तेव्हा सेक्रेटरी होतो. (बँकेतला माणूस दिसला की त्याच्या गळ्यात सोसायटीचे दप्तर बांधायचे, हा अलिखित नियम मात्र महाराष्ट्रभर कडकपणे पाळला जातो.) जागा भाड्याने दिली की सभासदाकडून महिना पाचशे रुपये नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घ्यायचे, असा १९९८ सालचा सर्वसाधारण सभेचा ठराव होता. सरकारी मराठीत त्याला ‘बिनभोगवटा शुल्क’ असा भारदस्त शब्द आहे. बाई ते पाचशे रुपये दरमहा न चुकता पाठवत होत्या.

२००५ च्या जानेवारीत त्या एसटीने आल्या, माझ्या घरी बसल्या, चहा घेतला आणि पिशवीतून पावत्या काढून म्हणाल्या, ‘भाऊ, हा नियम कुठे लिहिला आहे तेवढं मला दाखवाल का?’

मी उत्साहाने इतिवृत्ताची वही काढली आणि ठरावाचे पान उघडून त्यांच्यापुढे ठेवले. बाईंनी चष्मा लावला, पान शांतपणे वाचले, खालच्या सह्या पाहिल्या आणि म्हणाल्या, ‘ही तर तुम्हीच लिहिलेली वही आहे. तुम्हाला हे ठरवायची परवानगी कोणी दिली, ते कुठे लिहिलं आहे?’

सातवीच्या वर्गात उभे राहिल्यासारखे मला वाटले. उत्तर येत नव्हते.

पुढच्या शनिवारी अर्ध्या दिवसाने बँक सुटल्यावर मी जुनी पुस्तके मिळतात त्या बाजूला गेलो आणि सहकार कायद्याचे पुस्तक विकत आणले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. (नावात १९६० असले तरी त्याचा क्रमांक १९६१ चा २४ वा. कायद्यांनाही जन्मतारखेचा घोळ असतो.) त्याच पुस्तकात मागच्या बाजूला ‘महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१’ अशी दुसरी बाड होती. तोवर माझी समजूत अशी की हे दोन्ही एकच, पुढचा भाग आणि मागचा भाग. ते तसे नव्हते.

पुढचा भाग, म्हणजे अधिनियम, विधिमंडळाने केलेला. विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांत विधेयक मांडले गेले, त्यावर चर्चा झाली, मतदान झाले, संमतीची सही झाली आणि मग तो कायदा झाला. त्यातला एक स्वल्पविराम बदलायचा तरी पुन्हा त्याच वाटेने जावे लागते. मागचा भाग, म्हणजे नियम, विधिमंडळाने केलेलाच नाही. तो राज्य शासनाने, प्रत्यक्षात मंत्रालयातल्या सहकार खात्याने केला आहे. त्याला हा अधिकार कोठून मिळाला? अधिनियमाच्या कलम १६५ मधून. ‘या अधिनियमाची उद्दिष्टे पार पाडण्यासाठी शासनाला नियम करता येतील,’ अशा अर्थाचे ते कलम आहे. जवळपास प्रत्येक कायद्याच्या शेवटाशेवटाला असे एक कलम असते आणि वाचणारा तिथवर पोहोचेपर्यंत बहुधा पेंगुळलेला असतो.

बँकेतल्या माणसाला हे समजायला एकच दाखला पुरतो, मुखत्यारपत्राचा. अमेरिकेतला मुलगा पुण्यातल्या काकांना मुखत्यारपत्र देतो, ‘माझ्या जागेचे भाडे वसूल करा, कर भरा, डागडुजी करा.’ काकांनी भाडेकरू बदलला, नळ दुरुस्त केला, रंग कोणता द्यायचा ते ठरवले, तर ते सगळे मुलानेच केल्यासारखे धरले जाते. पण काकांनी जागाच विकून टाकली तर? काका कितीही वडीलधारे असोत, कागदावर जे नाही ते त्यांना करता येत नाही. कलम १६५ हे विधिमंडळाने शासनाला दिलेले मुखत्यारपत्र आहे. त्याच्या आत राहून केलेल्या नियमाला कायद्याइतकेच बळ असते, तो मोडला तर कायदा मोडल्याचेच परिणाम भोगावे लागतात. मात्र नियम मूळ अधिनियमाच्या विरोधात गेला किंवा दिलेल्या अधिकाराच्या बाहेर गेला, तर न्यायालय तो रद्द करू शकते.

काका आपल्या वतीने आणखी कोणाला नेमू शकतात का, हेही मुखत्यारपत्रातच पाहावे लागते. कायद्यातही तसेच. काही कायदे शासनाबरोबर एखाद्या स्वतंत्र मंडळाला किंवा प्राधिकरणालाही लिहिण्याचा अधिकार देतात, आणि त्यांनी केलेल्या तरतुदींना ‘विनियम’ म्हणतात. घर घेणाऱ्यांच्या परिचयाचे उदाहरण ‘रेरा’चे. अधिनियम संसदेने २०१६ साली केला, त्याखालचे महाराष्ट्रापुरते नियम राज्य शासनाने २०१७ साली केले आणि आपले कामकाज कसे चालेल याचे विनियम ‘महारेरा’ प्राधिकरणाने स्वतः केले. एकाच फ्लॅटच्या तक्रारीत हे तिन्ही कागद लागतात. तीन वेगवेगळे लेखक आहेत आणि तिघांचा अधिकार वेगवेगळ्या मापाचा आहे.

याखाली येतात शासन निर्णय आणि परिपत्रके. शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ अशी ओळ असते आणि ती वाचून सामान्य माणसाची छाती दडपते. पण ते राज्यकारभाराचे भाषेतले वळण आहे. राज्यपालांनी रात्री जागून तो कागद लिहिलेला नसतो. अशा कागदाचे बळ किती? संतराम शर्मा विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे माप सांगून ठेवले आहे. नियम जिथे गप्प आहेत तिथली मोकळी जागा शासनाला अशा सूचनांनी भरता येते, पण जे नियम आहेत ते सूचना काढून बदलता येत नाहीत.

आणि सर्वांत खाली आम्ही. म्हणजे सोसायटीचे उपविधी, ज्यांना सगळे ‘बायलॉज’ म्हणतात. ते निबंधकाकडे नोंदलेले असतात, त्यावर शिक्के असतात, म्हणून ते कायदाच आहेत असे आम्हाला वाटे. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच एका सहकारी बँकेच्या खटल्यात सांगितले आहे की उपविधींना कायद्याचे बळ नाही. ते सभासदांनी आपसांत केलेल्या करारासारखे असतात. त्या करारात राहून झालेला सभेचा ठराव, म्हणजे माझी वही, ही आणखी एक पायरी खाली.

इथवर आल्यावर मला वाटले की बाईंना उत्तर मिळाले. पण अधिनियमात आणि १९६१ च्या नियमांत मी कितीही शोधले तरी बिनभोगवटा शुल्क किती असावे याचा आकडा सापडेना. आमच्या जुन्या उपविधींत ते ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला होता. मग पाचशे रुपये बरोबरच म्हणायचे की काय? शेवटी एक दिवस रजा टाकून उपनिबंधकांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या एका वयस्क कारकुनाने माझे सगळे ऐकून घेतले आणि न बोलता खणातून एक झेरॉक्स काढून दिली. १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येणार नाही, आणि सेवा शुल्क मोजताना महापालिकेचे कर धरायचे नाहीत.

हा नुसता शासन निर्णय नव्हता. तो अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली काढलेला होता. लोकहितासाठी सहकारी संस्थांना निदेश देण्याचा अधिकार शासनाला देणारे हे कलम. म्हणजे कागद मंत्रालयातला, पण त्याचे मूळ थेट विधिमंडळाच्या कायद्यात रुजलेले. आमचे सेवा शुल्क तेव्हा महिना ४५० रुपये होते. बाईंनी द्यायचे होते पंचेचाळीस रुपये. आम्ही घेत होतो पाचशे.

इथे एक कबूल केले पाहिजे. या विषयावर बोलणारे लोक बहुधा विधिमंडळाचा कायदा म्हणजे लोकांचा आणि खात्याचे नियम म्हणजे बाबूंचा जाच, अशी सरळ वाटणी करतात. मीही करत असे. पण बाईंना आधार मिळाला तो अधिनियमातून नव्हे, खालच्या कागदातून मिळाला. अधिनियमाला दहा टक्क्यांचा आकडा माहीतच नव्हता आणि तो माहीत असण्याचे कारणही नव्हते. आमदार वर्षातून तीन अधिवेशनांना जमतात, दोनदा मुंबईत आणि हिवाळ्यात नागपूरला. त्या मोजक्या दिवसांत अर्थसंकल्प, दुष्काळ, एकमेकांची उणीदुणी आणि ढीगभर विधेयके. फॉर्म कोणता, फी किती, नोटीस किती दिवसांची, हे सगळे सभागृहात ठरवायचे म्हटले तर एकही कायदा पुरा होणार नाही. शिवाय फी बदलायची तर अधिवेशनाची वाट कोण पाहणार? म्हणून सांगाडा विधिमंडळाने घालायचा आणि मांस खात्याने भरायचे, ही रीत पडली. ती वाईट नाही. वाईट आहे ते एवढेच, की मांस भरणाऱ्यांना आपण निवडून दिलेले नसते आणि ते काय भरत आहेत हे पाहायला आपण जात नाही.

पाहण्याची सोय मात्र आहे. एक तर नियम राजपत्रात प्रसिद्ध व्हावे लागतात. ही औपचारिकता वाटते, पण तिच्यामागे एक हरला नावाचा माणूस उभा आहे. १९२३ साली जयपूर संस्थानात महाराज अज्ञान असताना कारभार पाहणाऱ्या मंडळाने अफूविषयीचा एक कायदा ठराव करून संमत केला आणि तो कुठेच प्रसिद्ध केला नाही. पुढे त्याच कायद्याखाली हरलाला पन्नास रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५१ साली निकाल लिहिला न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी, जे त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. जो कायदा लोकांना कळवलाच नाही तो लोकांवर लादता येणार नाही, असे सांगून त्यांनी हरलाला सोडले. पन्नास रुपयांसाठी!

पण प्रसिद्ध झाला म्हणजे झाला, हेही तितकेच खरे. १९६२ च्या नोव्हेंबरात झुरिकहून मनिलाला निघालेला एक परदेशी प्रवासी सांताक्रूझ विमानतळावर पकडला गेला. अंगातल्या खास शिवलेल्या जाकिटात चौतीस किलो सोने. परदेशातून येऊन पुढे जाणाऱ्या सोन्याबद्दलची रिझर्व्ह बँकेची नवी अधिसूचना राजपत्रात येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. झुरिकमध्ये भारताचे राजपत्र कोण वाचतो, असा त्याचा बचाव. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी ठरवले. राजपत्रात आले, पुरे झाले. बँकेच्या परीक्षेसाठी हा खटला आम्हाला पाठ असे. हरला मात्र आम्हाला कोणी शिकवला नाही.

दुसरी सोय अशी की अनेक कायद्यांत नियम करण्याआधी त्यांचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. राज्याच्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात त्याची रीत घालून दिली आहे. (‘वाक्खंड’ हा शब्द पाहून जो पान उलटत नाही, तो पुढे काहीही वाचू शकतो.) शिवाय केलेले नियम विधिमंडळाच्या पटलावर ठेवावे लागतात आणि सभागृहांना ते बदलता किंवा रद्द करता येतात. २०१९ साली सहकार अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण घालण्यात आले. त्याला धरून करायच्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी बाहेर यायला २०२५ साल उजाडले. सहा वर्षे कायदा होता आणि त्याचे हातपाय यायचे होते. तो मसुदा मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. तीन अंगठे आले आणि लगोलग पार्किंगवरून भांडण सुरू झाले. मी स्वतः दोन हरकती पाठवल्या. उशिरा का होईना, आयुष्यात पहिल्यांदा.

असो. २००५ च्या त्या सभेकडे येतो.

मी आदेशाच्या अठ्ठावीस प्रती काढून वाटल्या. आमचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर, सज्जन माणूस. ते म्हणाले, ‘सर्वसाधारण सभा सर्वोच्च आहे. सभेने ठरवलंय. मंत्रालयानं आमच्या घरात कशाला डोकवायचं?’ टाळ्या पडल्या. मी कलम ७२ वाचून दाखवले. सोसायटीचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो, हे खरेच. पण ते कलम सुरू होते ते ‘या अधिनियमाच्या व नियमांच्या तरतुदींच्या अधीन राहून’ अशा शब्दांनी. ‘अधीन राहून’ हे दोन शब्द मी मुद्दाम दोनदा वाचले. टाळ्या पडल्या नाहीत.

विरोध करणारे वाईट नव्हते. भाड्याने दिलेली घरे तीन होती, आणि त्यांच्या पैशांतून आमच्या वॉचमनच्या पगाराचा मोठा भाग सुटत होता. दहा टक्क्यांवर आलो तर महिन्याला १,३६५ रुपये कमी पडणार होते आणि ते बाकीच्या पंचवीस घरांवर येणार होते. ‘नियम नियम करता, वॉचमनला काय नियम खायला घालणार?’ असे एका वहिनींनी विचारले. त्यांच्या यजमानांची नोकरी नुकतीच गेली होती. मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या एकाने सुचवले की मुंबईच्या काही सोसायट्या हा आदेश मानत नाहीत असे ऐकतो, तर कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबू. (तो निकाल पुढे लागला. माँ ब्लाँ या मुंबईतल्या सोसायटीच्या प्रकरणात २००७ साली उच्च न्यायालयाने आदेश वैध ठरवला.) पण आम्ही थांबलो नाही. अकरा विरुद्ध नऊ मतांनी ठराव झाला की १ ऑगस्ट २००१ पासून जास्तीचे घेतलेले पैसे परत करायचे. त्या अकरांत अध्यक्ष होते. ते मत देताना म्हणाले, ‘मला पटलेलं नाही. पण लिहिलेलं आहे.’

बाईंनी एकोणीस महिने पाचशेप्रमाणे ९,५०० रुपये भरले होते. देणे निघत होते ८५५. आम्ही त्यांना ८,६४५ रुपयांचा चेक पाठवला. आठ दिवसांत नाशिकहून पावती आली, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून, त्यावर आडवी सही करून. सोबत वहीच्या कागदावर चार ओळी होत्या. आभार एका ओळीत संपले होते. उरलेल्या तीन ओळींत असे विचारले होते की, माझ्यासारखे आणखी कोण आहेत? त्यांनी विचारले नाही म्हणून त्यांचे पैसे ठेवून घेऊ नयेत.

आणखी दोघे होते. एकाची जुनी थकबाकी होती, ती वळती करून हिशोब मिटला. दुसरे गृहस्थ आदेशानंतर बारा महिने पाचशेप्रमाणे भरून, जागा विकून बंगळूरला गेले होते. त्यांना रजिस्टर पत्र पाठवले, ते ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आले. नवीन मालकाकडे चौकशी केली, एजंटाकडे केली. २००९ साली मी सेक्रेटरीपद सोडले तेव्हा नव्या सेक्रेटरींना दप्तरासोबत ते परत आलेले पाकीटही दिले.

गेल्या वर्षीचा ताळेबंद परवा वाटला गेला. सवयीने मी आधी देण्यांची बाजू पाहिली. ‘सभासदांना देय रक्कम : रु. ५,४६०.’ हिशोब तपासनिसाने त्यापुढे बारीक अक्षरात लिहिले आहे, जुनी बाब, निर्लेखित करण्यास हरकत नसावी. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत तो सातवा विषय आहे. मी अधिनियमाचे पुस्तक पुन्हा खाली काढून ठेवले आहे.